काळ्या पुठ्ठ्याची चौकट: काही महिन्यांच्या वापरानंतर

लँडस्केप फोटोग्राफीसाठी जमवलेल्या सामानात गेले काही महिने सगळ्यात जास्त हातात राहिलं ते काळ्या पुठ्ठ्याचं एक कार्ड. मधे आयताकृती खिडकी, 108 मि.मी. रुंद आणि 72 उंच, म्हणजे फुल फ्रेम सेन्सरच्या (कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा 36 × 24 मि.मी.चा भाग) दोन्ही बाजूंनी बरोबर तिप्पट. कडेला दोरा, दोऱ्याला गाठी. खिडकीतून बघितलं की फोटोत काय मावेल ते कॅमेरा न काढता कळतं, आणि कार्ड डोळ्यापासून किती लांब धरायचं ते गाठी सांगतात. युक्ती जुनीच आहे. अमेरिकन लँडस्केप फोटोग्राफर आन्सेल अ‍ॅडम्ससुद्धा असं कार्ड वापरत.

हिशेब सरळ आहे. खिडकी तिप्पट, म्हणून डोळ्यापासूनचं अंतरही फोकल लेंथच्या (लेन्सवर मि.मी.मध्ये लिहिलेला आकडा) तिप्पट. 24 मि.मी.च्या लेन्ससाठी 7.2 सें.मी., 50 साठी 15, 100 साठी 30, 200 साठी 60. हवी ती गाठ गालाच्या हाडाला टेकवायची, दोरा ताणायचा आणि एक डोळा मिटायचा. सेन्सर 1.5 क्रॉपचा, म्हणजे फुल फ्रेम त्याच्या दीडपट असेल, तर आधी फोकल लेंथला 1.5 ने गुणून घ्या.

डोळा मिटायचा कंटाळा करू नका, अर्धा फायदा त्यातच आहे. दोन्ही डोळे उघडे असले की जवळची फांदी आणि मागची डोंगरधार आपल्याला वेगवेगळी दिसतात, कारण खोली कळते. फोटोत ती खोली नसते. एक डोळा मिटला की फांदी धारेला चिकटलेली दिसते. मग अर्धं पाऊल डावीकडे सरकायचं. दोघांच्या मधे आकाशाची बारीक फट उघडते आणि झाड सुटं होतं. ही गोष्ट नंतर एडिटिंगमध्ये दुरुस्त करणं म्हणजे डोकेदुखी.

पण माझ्या कंपोझिशनमध्ये, म्हणजे चौकटीतल्या मांडणीत, खरा फरक पडला तो उभं राहण्याच्या जागेमुळे. ट्रायपॉड एकदा उघडला की माणूस तिथेच रुजतो, आणि मग बोटं झूमची रिंग फिरवत बसतात. झूमने नुसती चौकट लहानमोठी होते. जवळच्या आणि लांबच्या वस्तूंचं आपसातलं प्रमाण तुम्ही कुठे उभे आहात यावरच ठरतं. समोरचा खडक 2 मीटरवर आणि डोंगर 2 किलोमीटरवर असेल, तर 2 मीटर मागे जा: खडक निम्मा दिसेल, डोंगर होता तेवढाच. आता झूम करून खडक पहिल्या आकाराला आणला की मागचा डोंगर दुप्पट झालेला असतो. कॅमेरा बॅगेत आणि कार्ड हातात असलं की हे चालता चालता तपासता येतं. उंचीचंही तसंच. खाली बसलं की मधली जमीन दबते आणि दगड एकमेकांवर चढतात. उठून उभं राहिलं की दगडांमधलं पाणी मोकळं दिसतं. कार्ड जिथे ठरेल, तिथे लेन्स आणायची.

काळ्या कडांमुळे नजर कोपऱ्यांकडेही जाते. कोपऱ्यातला आकाशाचा पांढरा तुकडा, खालच्या कडेला अर्धवट कापलेलं गवत, असल्या गोष्टी छोट्या स्क्रीनवर हमखास सुटतात.

सुरुवातीला खिडकीवर एक तृतीयांशाच्या रेषा दाखवणारे दोरे लावले होते, ते महिन्याभरात कापून टाकले. चौकटीचे तीन भाग करून महत्त्वाच्या गोष्टी त्या रेषांवर ठेवायच्या, हा तो नियम. जॉन थॉमस स्मिथने 1797 मध्ये तो मांडला चित्रांसाठी, आणि नवशिक्याला त्याचा आधार होतोही. पण दोरे दिसले की डोळा छेदबिंदू जुळवत बसतो, चित्राचा तोल बघत नाही. संथ पाण्यात पूर्ण प्रतिबिंब असेल तर क्षितिज खुशाल मधोमध ठेवावं.

तक्रारीही आहेत. 16 मि.मी.ला कार्ड डोळ्यापासून 4.8 सें.मी.वर येतं, कडा पार पुसट होतात. तिथे फोनचं व्ह्यूफाइंडर अ‍ॅप सरस. पहाटेच्या अंधारात काळी कड दिसतच नाही. लाँग एक्स्पोजरमध्ये (शटर बराच वेळ उघडं ठेवल्यावर) पाण्याचा पांढरा पट्टा होऊन सगळा तोल बदलतो, त्याचा अंदाज कार्ड देत नाही. उरलेल्या वेळी मात्र मी फोनपेक्षा कार्डच काढतो. फोनवर उजळलेलं, तयार चित्र दिसतं आणि समोरच्या जागेकडे बघणं राहून जातं.

पुठ्ठा पावसात लगेच मऊ पडतो. माझं सध्याचं कार्ड काळ्या प्लॅस्टिक फाइलच्या कव्हरचं आहे. चकाकी घालवायला बारीक पॉलिश पेपर मारला. दोरा नायलॉनचा घ्या, सुती दोरा भिजला की गाठींची अंतरं बदलतात.