अख्खं पुस्तक घ्यावं की सुटी प्लेट?

जुन्या इंग्रजी प्रवासवर्णनांतल्या हाताने रंगवलेल्या प्लेटांचं (वेगळ्या पानावर छापून पुस्तकात घातलेल्या चित्रांचं) वेड कोल्हापुरात कुणाला लागलं तर नवल नाही. चित्रकार आबालाल रहिमानांच्या गावात जलरंगातला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, काय असतो ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. अडतं ते पुढं. हातात जेमतेम रक्कम असते आणि तेवढ्यात एखाद्या नावाजलेल्या, पण चित्रं सुटी विकण्यासाठी फोडलेल्या पुस्तकातली सुटी प्लेट येते, नाहीतर कमी मिरवणारं, जरा खिळखिळं झालेलं अख्खं पुस्तक. मी दोन्ही घेऊन बघितलंय.

सुट्या प्लेटची बाजू लंगडी नाही. इंग्रज चित्रकार डॅनियल काका-पुतण्यांचं हिंदुस्थानावरचं ‘ओरिएंटल सीनरी’ (१७९५ ते १८०८, १४४ चित्रं) अख्खं घ्यायची ऐपत आपल्यातल्या कुणाची? ग्रिंडलेचं पश्चिम हिंदुस्थानावरचं ३६ प्लेटांचं पुस्तकही (१८२६-३०) तसंच. ग्रिंडलेज बँकेचा ग्रिंडले तो हाच, बँकेआधी कुंचला धरायचा. त्यातला एकटा दौलताबादचा किल्ला मात्र परवडू शकतो. भिंतीवर लावता येतो, पाहुण्यांना दाखवता येतो. पुस्तक कपाटातच पडून राहतं आणि एका वेळी एकच चित्र उघडतं.

शिवाय आपला पावसाळा. जून ते सप्टेंबर कपाट बंद ठेवलं की चामड्याच्या पुठ्ठ्यावर पांढरी बुरशी धरते, जुन्या खळीच्या वासाने कसर येते ती वेगळीच. पुस्तक सांभाळणं हे काम आहे, हे कबूल. पण फ्रेमची गोष्ट तरी कुठं सोपी? काचेआड ओल कोंडते, कागदावर तपकिरी ठिपके उठतात आणि उजेडाने नीळ उडून आभाळ मळकट होतं. पुस्तकातलं आभाळ मिटलेलं असतं म्हणूनच दोनशे वर्षांनी ताजं दिसतं.

हे सगळं मी चालवूनही घेतलं असतं. माझं मत फिरवलं ते माऊंटने, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीने.

सुटी प्लेट बहुतेक वेळा आधीच माऊंट केलेली मिळते. सुबक दिसते. चित्राखाली बारीक अक्षरांत प्रकाशकाचं नाव, पत्ता आणि तारीख असलेली एक ओळ असते. त्या काळी इंग्लंडात हक्क राखायचा तर ती छापावीच लागे. माऊंटखाली नेमकी ती ओळ झाकलेली, नाहीतर कापलेली. माझ्याकडच्या एका प्लेटचा माऊंट सोडवला तर चारी बाजूंचा समास कात्रीने उडवलेला. एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण कापलेल्या कडेवरून निळा रंग ओघळून कागदाच्या पाठीवर उतरला होता. म्हणजे कागद आधी कापला आणि आभाळ नंतर रंगवलं. जुन्या काळ्या-पांढऱ्या प्लेटा रंगवून विकणं हा जुनाच धंदा आहे, आणि सुट्या कागदावर रंग कधीचा हे ठरवायला धागादोरा फार थोडा उरतो. भिंगातून बघितलं तर हाताचा रंग छापलेल्या रंगापासून ओळखू येतो. हात कुणाचा आणि कोणत्या सालचा, हे भिंग सांगत नाही.

पुस्तक हे सांगतं, निदान बरंचसं. समोरच्या पानावर चित्राची फिकट तपकिरी सावली उमटलेली असते. हिरव्यात तांबं असेल तर त्या झाडापुरता कागद मागून करपलेला दिसतो. पान उजेडाला धरलं की कधी कधी व्हॉटमन या इंग्रज कागदवाल्याचा वॉटरमार्क, म्हणजे कागदातच उमटवलेली खूण, सालासकट सापडतो. आतल्या शीर्षकाच्या पानावर १८१३ आणि कागदात १८२० असं निघालं, तर ती छपाई नंतरची हेही कळतं. त्याच पानावर ‘रंगीत चित्रांसह’ असं छापलेलं असेल तर निम्मी शंका तिथंच मिटते.

ब्रॉटन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याचं मराठा छावणीतल्या पत्रांचं पुस्तक घ्या. लंडन, १८१३, रंगीत प्लेटा फक्त दहा, त्याही देशी चित्रकाराच्या चित्रांवरून केलेल्या. डॅनियलच्या भव्यतेपुढं ती चित्रं साधी वाटतील. पण दौलतराव शिंद्यांच्या छावणीतली होळी, बाजार, पगारासाठी धरणं धरलेले शिपाई हे सगळं मजकुरात शेजारीच आहे. त्यातली प्लेट फाडून भिंतीवर लावली तर ती पगडीवाल्या माणसांचं एक चित्र एवढीच उरेल.

आवड ज्याची त्याची. एकच चित्र रोज डोळ्यांसमोर हवं असेल तर सुटी प्लेट घ्या, मी मोडता घालणार नाही. फक्त माऊंट सोडवून दाखवायला सांगा आणि पाठीचा फोटो आधी मागवा. तुमचं मन अजून ठरलं नसेल, तर एखाद-दुसरी प्लेट गळालेली पुस्तकाची प्रत शोधा. पूर्ण प्रतीच्या मागं लागणारे तिला हात लावत नाहीत, म्हणून भाव उतरतो. प्लेटांची यादी असेल तर ती समोर धरून एकेक चित्र मोजा, काय गेलंय ते विकणाऱ्याकडून लिहून घ्या आणि मगच पैशाचं बोला. खरेदी दिवाळीनंतर करा, म्हणजे पहिल्या पावसाआधी पानं निवांत चाळून कोरडी करायला सात-आठ महिने मिळतात.