माझंच इंजिन मला विकलं

माझ्या गाडीचं इंजिन एका माणसाने मलाच विकलं. रंगवून. आणि आठ महिने मी त्याचं कौतुक करत फिरलो, ओळखीच्या दोघांना त्याच्याकडे पाठवलंसुद्धा. त्या दोघांची माफी मागून झाली आहे. हे बाकीच्यांसाठी.

गाडी पेट्रोलवरची, १६ वर्षांची. सकाळी चालू केली की निळसर धूर यायचा, अर्ध्या मिनिटात गायब. लांब उतार उतरून पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबला की परत एक ढग. एरवी काही नाही, ऑइल मात्र हळूहळू कमी होत होतं. माझा नेहमीचा मेकॅनिक त्या दिवसांत आजारी होता, म्हणून दुसरीकडे गेलो. तिथल्या गॅरेजवाल्याने सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं, काळं झालेलं बोट माझ्यासमोर धरलं आणि म्हणाला, "रिंगा गेल्या, साहेब. इंजिन संपलं. फुल काम काढण्यापेक्षा वापरलेलं चांगलं इंजिन टाकू, स्वस्तात पडेल आणि कटकट मिटेल."

पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमध्ये बोट घातलं की ते बहुधा काळंच होतं, हे तेव्हा सुचलं नाही. आणि धूर कधी येतो याला महत्त्व असतं हेही माहीत नव्हतं. चालू करताना आणि उतारानंतर येणारा निळा धूर बऱ्याचदा व्हॉल्व्ह सीलचा, म्हणजे सिलिंडरच्या झडपांवरच्या सीलचा असतो. ही सीलं रबराची, वयाने कडक होतात. मग गाडी उभी असताना वरचं ऑइल व्हॉल्व्हच्या दांडीवरून सिलिंडरमध्ये झिरपतं, आणि उतारावर थ्रॉटल बंद असला की आतली निर्वात पोकळी ते खेचून घेते. रिंगा (पिस्टनभोवतीच्या कड्या) गेलेल्या असतील तर चढावर, जोर देताना धूर निघत राहतो. नक्की काय ते बघायला कॉम्प्रेशन टेस्ट असते, सिलिंडरमधला दाब मोजायची. प्लग काढायचे, गेज लावायचा, सेल्फ मारायचा. धडधाकट पेट्रोल इंजिनात आकडा साधारण १० ते १३ बार येतो आणि सगळ्या सिलिंडरांचा जवळपास सारखा. कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट (सिलिंडरांवरचा भाग म्हणजे हेड, त्याखालची पॅकिंग). तासाभराचंही काम नाही. त्याने केलं नाही, मी मागितलं नाही. एवढ्या मोठ्या खर्चाचा निर्णय मी एका बोटावर घेतला.

मग इंजिन दाखवण्याचा कार्यक्रम झाला, आणि तो त्याने झकास केला. मागच्या शेडमध्ये लोखंडी स्टँडवर इंजिन, बाजूला बॅटरी, पेट्रोलचा छोटा डबा. चालू केलं तर नाणं उभं राहील असं गुळगुळीत. ऑइलचं झाकण काढून आतला स्वच्छ कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) दाखवला. चेंबरला (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीला) उजव्या कोपऱ्यात एक पोचा होता, तोही त्यानेच दाखवला: "बघा, लपवत नाही." त्या एका वाक्यावर मी विरघळलो. फोटो काढला नाही, नंबर लिहून घेतला नाही. तो म्हणाला, यात टायमिंग बेल्ट (कॅमशाफ्ट फिरवणारा पट्टा) नवीन आहे, सहा महिन्यांची वॉरंटी देतो, सर्व्हिसिंग मात्र माझ्याकडेच करा. जुनं इंजिन त्याच्याकडे जमा, त्याची किंमत बिलातून वजा. ही वजावट मला सवलत वाटली. प्रत्यक्षात "माझं जुनं इंजिन कुठे आहे?" हा प्रश्न मी कधी विचारू नये याची ती सोय होती.

चार दिवसांनी गाडी मिळाली. बोनेट उघडलं तर इंजिन चंदेरी, लखलखीत. धूर बंद. पिकअपही सुधारल्यासारखा वाटला (पैसे मोजले की पिकअप सुधारतोच). कागदांवर इंजिन नंबर बदलायचं विचारलं तर म्हणाला, "ते मी बघतो, घाई नाही." मीही विसरलो.

आठव्या महिन्यात गाडी चालता चालता बंद पडली. आवाज नाही, धक्का नाही, नुसती मेली. सेल्फ मारला तर इंजिन नेहमीपेक्षा हलकं, सुर्रकन फिरत होतं. तोवर माझा जुना मेकॅनिक बरा झाला होता, गाडी ओढून त्याच्याकडे नेली. त्याने सेल्फचा आवाज ऐकला आणि म्हणाला, "बेल्ट तुटला." मी म्हटलं, शक्य नाही, नवीन आहे. त्याने वरचं कव्हर खोललं, तुटलेला पट्टा ओढून बाहेर काढला, चिंधीने पुसला आणि काही न बोलता माझ्या हातात दिला. पाठीवर पांढऱ्या मार्करने पुसट आकडा होता: १०४०००. अक्षर त्याचंच. बेल्ट बदलला की तो त्यावर किलोमीटर लिहितो. मीटरवर तेव्हा १,७८,००० होते. बहुतेक बेल्टांची मुदत ६० हजार ते १ लाखाच्या दरम्यान असते, म्हणजे ७४ हजार झालेला पट्टा मी नवीन समजून पळवत होतो.

तरी मी म्हणालोच, जुना बेल्ट काढून नव्या इंजिनावर चढवला असेल. माणूस स्वतःला वाचवायला काय काय बोलतो! मेकॅनिक खाली वाकला, टॉर्च मारला आणि मला वाकायला लावलं. चंदेरी रंग समोरून आणि वरून होता. वायरींच्या वेटोळ्यांवर, होजच्या क्लिपांवर त्याचे शिंतोडे होते. मागची, केबिनकडची बाजू जशीच्या तशी काळीकुट्ट, वर्षानुवर्षांचा तेलकट थर. गिअरबॉक्सच्या बोल्टांभोवती वाळलेली माती, पान्याचा ताजा ओरखडा एकही नाही. इंजिन खाली उतरलंच नव्हतं. बोनेटमध्ये असतानाच त्यावर स्प्रे मारला होता.

मग ब्लॉकवरचा इंजिन नंबर. तो ठोकलेला असतो त्या पट्टीवरचा रंग आम्ही थिनरने काढला. मेकॅनिक टॉर्च धरून एकेक आकडा वाचत होता, मी गाडीचे कागद घेऊन जुळवत होतो. तिसऱ्या आकड्यालाच पोटात गोळा आला. शेवटपर्यंत जुळला. खाडाखोड नाही, ग्राइंडर फिरवल्याची खूण नाही.

गॅरेजवाल्याने केलं होतं एवढंच: बेल्ट कॅमपुलीवरून उतरवायचा, व्हॉल्व्ह सीलं बदलायची, तोच बेल्ट परत चढवायचा. त्यासाठी हेडसुद्धा काढावं लागत नाही. प्लगच्या भोकातून हवेचा दाब देऊन व्हॉल्व्ह वर धरून ठेवतात. पैसे इंजिनाचे आणि ते उतरवण्या-चढवण्याच्या मजुरीचे. सगळ्यात राग याचा, की बेल्ट हातात आला होता, तेव्हा नवीन टाकला असता तर मला कधीच कळलं नसतं. तेवढाही खर्च त्याला जड झाला. माझं इंजिन असं, की बेल्ट तुटला तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आपटतो. १६ पैकी ९ व्हॉल्व्ह वाकले.

त्या गॅरेजवाल्याकडे गेलो. शेडमध्ये तेच इंजिन स्टँडवर चालू होतं, चेंबरचा पोचा उजव्या कोपऱ्यात, समोर एक जोडपं मान डोलवत उभं. मला बघून त्याचा चेहरा बदलला नाही. बाजूला नेऊन म्हणाला, वॉरंटी दोन महिन्यांपूर्वी संपली. नंबरचं विचारलं तर, "बिलात काय लिहिलंय वाचा." वाचलं. "इंजिन काम, मजुरीसह." बदलल्याचा उल्लेख नाही, कुठलाच नंबर नाही, जुनं इंजिन जमा केल्याची ओळही नाही. ती वजावट फक्त तोंडी हिशोबात होती. त्या जोडप्याला मी मोठ्याने सांगितलं, आधी ब्लॉकवरच्या नंबराचा फोटो काढा आणि तोच नंबर बिलावर लिहून घ्या. ते निघून गेले. तक्रार केली आहे, पण बिलावरच्या त्या शब्दांमुळे ती रखडली आहे.

जुन्या मेकॅनिकने हेड उतरवून व्हॉल्व्ह बदलले, नवीन बेल्ट टाकला, त्यावर १७८००० लिहिलं. आणि माझ्यासमोर गेज लावला. चारही सिलिंडर १२ बारच्या आसपास. "संपलेल्या" इंजिनाचा हा आकडा. धूर अजून आलेला नाही. सीलं त्या गॅरेजवाल्याने चांगली टाकली होती.