रोडचे टायर की एटी? मृगाच्या तोंडावर पडणारा प्रश्न

मे संपत आला की कुणीतरी विचारतंच : टायर बदलायचेत, साधे रोडचे म्हणजे एचटी घेऊ की एटी, म्हणजे कच्च्या वाटेवरही चालणारे ‘ऑल टेरेन’? विचारणारा बहुतेक माझ्यासारखाच असतो. घर बेळगावात टिळकवाडीला नाहीतर वडगावला, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी छोटी एसयूव्ही, थोडंसं शेत खानापूर तालुक्यात, आणि पाहुणे कोल्हापूर ते गोवा पसरलेले. मी दोन्ही वापरलेत. आधी तीन वर्षं एटी, आता एचटीवरचा दुसरा पावसाळा तोंडावर आहे.

एटीची बाजू आधी सांगतो, कारण ती खरी आहे. आमचं शेत जांबोटीच्या अलीकडं. डांबर सुटलं की तांबड्या मातीची गाडीवाट, आणि लावणीच्या दिवसांत ट्रॅक्टरांनी तिची पार राड केलेली असते. तिथं साध्या टायरच्या खाचा चिखलानं लगेच भरतात, मग चाक जागच्या जागी गरगरतं. एटीच्या खाचा रुंद आणि खोल, चाक फिरताना चिखल बाहेर फेकतात. तीन पावसाळ्यांत मला ट्रॅक्टरवाल्याला एकदाच हाक मारावी लागली. एचटीवर पहिल्याच जुलैत दोनदा. शिवाय एटीची बाजूची भिंत जाड, खडीच्या कोपऱ्यांना ती दाद देत नाही.

पण हे तांबड्या मातीचं झालं. मेव्हण्याचं गाव बैलहोंगलकडं, तिथल्या काळ्या रानात एटीही मिनिटभरात चिकट माती गुंडाळून गोटा होतो. तिथं गाडी डांबरावर उभी करून चालत जाणं एवढाच उपाय.

एटीच्या बाजूवर ‘एम प्लस एस’ असं छापलेलं असतं आणि दुकानदार ते बोट ठेवून दाखवतो. त्यातला एम म्हणजे चिखल, एस म्हणजे बर्फ. पावसाचा त्यात उल्लेख नाही. बर्फाचंही ते अर्धंच खरं : खऱ्या हिवाळी टायरवर डोंगर आणि आत हिमकण अशी वेगळी खूण असते, आणि त्याचं रबर सात अंशांच्या खालीही मऊ राहतं. कुणी हिवाळ्यात मनालीला निघालाच असेल तर नुसत्या एम-एसच्या भरवशावर जाऊ नये, साखळ्या न्याव्यात. आपल्याला बेळगावात त्याची गरज पडणार नाही. आपली अडचण ओल्या डांबराची.

ओलं डांबर म्हणजे माझ्यासाठी गोव्याकडं उतरणारा चोर्ला घाट. मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीच्या आसपास जुलैत जो पाऊस लागतो त्याला पाऊस म्हणणं कमीच. वर धुकं. अशा उतारावर ब्रेक दाबला की एटी क्षणभर विचार करायचे आणि मग धरायचे. एबीएसची, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, थरथर पायाला वरचेवर जाणवायची. एचटीवर ती क्वचित जाणवते. मी फूटपट्टी लावून मोजलेलं नाही, दोन्ही वेळा टायर सारखे नवेही नव्हते, तेव्हा माझ्या पायाचा अंदाज म्हणूनच घ्या. पेट्रोलही एटीवर थोडं जास्त जायचं.

एवढ्यावरून मी टायर बदलले नसते. बदलले ते आवाजामुळं.

साठच्या पुढं एटीची घुंई सुरू होते. नवे असताना गंमत वाटते, गाडी मर्दानी वाटते. दहा-बारा हजार किलोमीटर झाल्यावर, विशेषतः चाकांची अदलाबदल वेळेवर केली नाही तर, खाचांच्या कडा वाकड्या झिजतात आणि घुंईचा घणघणाट होतो. कोल्हापूरच्या रस्त्यावर मागं बसलेली आई संकेश्वर गेल्यावर ओरडली, “कवापासून थांब म्हणतोय मी, ऐकू येत नाही व्हय रे!” मला खरंच ऐकू आलं नव्हतं. तोवर हसण्यावारी गेलं.

मग दुसऱ्या पावसाळ्यात आवाज जरा चढला. टायरच झिजलेत, असं मी धरून चाललो. दोन ठिकाणी दाखवलं, दोघांचं उत्तर तेच : “काय नाही वो, टायरचाच आवाज हाय त्यो.” गणपतीपर्यंत तसाच फिरलो. शेवटी तिसऱ्यानं गाडी जॅकवर घेतली, एक हात स्प्रिंगवर ठेवला, दुसऱ्यानं चाक फिरवलं आणि मला म्हणाला, हात लावून बघा. स्प्रिंग भरड दळणाऱ्या जात्यासारखी थरथरत होती. पुढच्या उजव्या चाकाचं बेअरिंग गेलं होतं. जुलैत ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढली होती. तापलेला हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, एकदम थंड पाण्यात बुडाला की बेअरिंगच्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. तेच झालं असणार. ते दीड महिना ओरडत होतं आणि मी टायरला दोष देत होतो.

ओळखण्याची युक्ती त्यानंच सांगितली. रस्ता बदलला, म्हणजे खडबडीत डांबरावरून गुळगुळीत काँक्रीटवर आलं, की आवाज बदलला तर तो टायरचा. डाव्या वळणावर भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढत असेल तर उजवं बेअरिंग तपासा, उजव्या वळणावर वाढला तर डावं. चोर्ल्यात वळणांना तोटा नाही, परीक्षा फुकटात होते. पण एटीच्या घणघणाटात हा फरक कानाला कळणं कठीण, निदान माझ्या कानाला. पावसाळ्यात गाडी काय बोलते ते मला ऐकू यायला हवं, म्हणून आता एचटी.

घेताना एवढंच बघा. टायरवरच्या चार आकड्यांत आठवडा आणि साल असतं : 1824 म्हणजे 2024 चा अठरावा आठवडा. झिजेची कायदेशीर हद्द म्हणजे खाचांची खोली 1.6 मिलिमीटर उरणं, पण घाटात जाणाऱ्यानं तिथवर थांबू नये. मी तीनवर बदलतो. दोनच घ्यायचे असतील तर नवी जोडी मागं घालायला सांगा. गाडी पुढच्या चाकांवर चालते म्हणून दुकानदार नवे पुढं घालायला निघेल, त्याला थांबवा. ओल्या वळणावर मागचा भाग घसरला की सावरता येत नाही, पुढचा घसरला तर वेग कमी करून निदान धडपड करता येते. हवा सकाळी टायर गार असताना, दारावरच्या पट्टीप्रमाणं. नायट्रोजनवर पैसे घालायचे तर घाला, साध्या हवेतही तो 78 टक्के असतोच.

ज्याची रोजची वाटच चिखलाची आहे त्यानं मात्र माझं ऐकू नये. आमच्या बांधाला लागून ज्यांचं शेत आहे ते काका रोज जातात, त्यांच्या गाडीला एटीच. यंदा लावणीला मी माझी गाडी जांबोटीच्या फाट्यावर लावून त्यांच्याबरोबर जाणार आहे. डांबरावर आहोत तोवर बोलणं बंद, चिखल लागला की सुरू.