पॅराशूट कापडाचा हॅमॉक: जून ते जानेवारी, आठ महिन्यांचा वापर आणि केलेले बदल

वस्तू साधी आहे. २७० × १४० सेंटिमीटरचा, २१० टी (धाग्यांच्या दाटपणाचा आकडा) पॅराशूट नायलॉनचा, एका माणसाचा हॅमॉक. सोबत दोन एस-हुक आणि दोन जाड दोऱ्या. मुळशी, पानशेत आणि भोरच्या बाजूला पावसाळ्यापासून थंडीपर्यंत तो वापरात आहे. कापडाबद्दल तक्रार नाही. दोऱ्या, हुक, टोकाची शिवण आणि पाकिटावरच्या चित्रातली टांगायची पद्धत या चारही गोष्टी मात्र बदलाव्या लागल्या, आणि त्या बदलता येतात. लांबी तेवढी बदलता येत नाही. म्हणून विकत घ्यायच्या आधीच सांगतो: उंची साडेपाच फुटांपेक्षा जास्त असेल तर २७० घेऊ नका, ३३० सेंमीचा शोधा. खाली लिहिलेले बदल दोन्हींना लागू पडतात, पण पाठीला मिळणारा सपाटपणा त्या जादा ६० सेंमीतून येतो.

हॅमॉक म्हणजे मोठी झोळीच. झोळीतल्या बाळाला गोल पाठ चालते, मोठ्या माणसाला रात्रभर चालत नाही. म्हणून कापडाच्या मध्यरेषेवर सरळ झोपायचं नसतं, तिरकं झोपायचं. डोकं मध्यापासून हातभर डावीकडे, पाय तेवढेच उजवीकडे. कापड ढिलं टांगलेलं असलं तरच असं झोपता येतं. आणि नेमकं इथेच बहुतेक जण चुकतात, कारण ताठ ओढलेला हॅमॉक दिसायला नीटनेटका वाटतो. त्यात झोपलं की दोन्ही कडा वर येऊन खांदे आवळतात, आणि दोऱ्यांवर भलताच ताण येतो.

तो ताण किती, याचा हिशेब सोपा आहे. झाडाला बांधलेली दोरी किंवा पट्टी आडव्या रेषेशी ३० अंशांत असेल तर ७५ किलोच्या माणसामागे प्रत्येक झाडावर ७५ किलोचा ताण येतो. १५ अंशांवर तो १४५ किलो होतो आणि १० अंशांवर जवळपास २१५. हे नुसतं स्थिर पडून राहिल्यावरचे आकडे आहेत. धपकन बसलं तर आणखी चढतात. सोबत आलेले एस-हुक उघडतात ते याच कारणाने. ३० अंश नजरेने मोजायचे तर अंगठा आणि तर्जनी काटकोनात ताणा, तर्जनी आडवी धरा. अंगठ्याच्या टोकापासून तर्जनीच्या टोकापर्यंतची तिरकी रेषा साधारण तेवढीच असते.

रिजलाइन

एकच बदल करायचा असेल तर हा करा. हॅमॉकच्या दोन्ही टोकांना जोडणारी, ठरावीक लांबीची दोरी म्हणजे रिजलाइन. लांबी हॅमॉकच्या ८३ टक्के: २७० ला २२४ सेंमी, ३३० ला २७४ सेंमी. झाडं जवळ असोत की लांब, झोळ कायम तेवढाच राहतो, त्यामुळे एकदा जमलेली झोप दर वेळी जमते. ४ मिमीची टेरिलीन (पॉलिस्टर) दोरी पुरते. नायलॉनची नको, ती ओली झाली की लांबते आणि मध्यरात्री सगळं गणित बदलतं. आत बसल्यावर रिजलाइन दोन बोटांनी थोडी वाकवता आली पाहिजे. तंबोऱ्याच्या तारेसारखी ताठ लागली तर झाडावरच्या पट्ट्या खाली आहेत, त्या वर सरकवा.

उंचीचा अंदाज असा: जमिनीपासून बैठक ४५ सेंमी हवी आणि झाडं ४ मीटरवर असतील तर पट्टी जमिनीपासून सुमारे १७० सेंमीवर बांधायची. अंतर एक मीटरने वाढलं की पट्टी ३० सेंमी वर. पायाकडची बाजू डोक्यापेक्षा १५ ते २० सेंमी उंच ठेवा, नाहीतर अंग रात्रभर पायाकडे घसरत राहतं.

२७० च्या हॅमॉकमध्ये एक दोष तरीही उरतो. पोटऱ्यांखाली कापडाची ताठ कड येते आणि गुडघे उलटे ताणले जातात. तिथे टॉवेलची गुंडाळी ठेवा, किंवा फोमची चटई गुडघ्याखाली दुमडून घ्या. कड पूर्ण जात नाही, पण झोप लागते. चेहऱ्यावर पडणारं मोकळं कापड मात्र पूर्ण हटवता येतं: डोक्याच्या बाजूच्या काठावर टोकापासून ९० सेंमीवर छोटी फीत शिवा आणि ३ मिमी इलॅस्टिकने ती वरच्या छताच्या (ताडपत्रीच्या) खुंटीकडे हलकी ओढा.

टोकं आणि पट्ट्या

मूळ टोकाला एकेरी शिवण होती आणि तिच्यातून दोरी ओवलेली. आठव्या-दहाव्या वापरानंतर टाक्यांची भोकं मोठी दिसायला लागली. जुनी शिवण उसवून कड आधी १ सेंमी, मग ४ सेंमी दुमडा आणि चार-चार मिमी अंतरावर तीन ओळी मारा. ११ नंबरची सुई, पॉलिस्टरचा दोरा, टाका ३ मिमी. टाका बारीक घेतला तर शिवण मजबूत होईल असं वाटतं, पण नायलॉनवर उलट होतं: भोकं इतकी जवळ येतात की कापड पोस्टाच्या तिकिटासारखं ओळीत फाटतं. सुती दोरा नकोच, एका पावसाळ्यात कुजतो. शिंप्याकडे देणार असाल तर हे सगळे आकडे कागदावर लिहून द्या. शर्टाच्या सवयीने तो बारीक टाकाच घालेल.

दुमडून झालेल्या या नळीतून गिर्यारोहणाच्या ६ मिमी कॉर्डचा (दोरीचा) लूप ओवायचा. दर टोकाला १२० सेंमी कॉर्ड आणि डबल फिशरमन गाठ (दोरीची दोन टोकं जोडणारी गिर्यारोहकांची गाठ), शेपट्या बोटभर ठेवून. लूपचं एक टोक नळीतून काढा, दुसरं त्याच्यात घाला आणि आवळा. बाहेर वीतभर लूप उरतो. गाठ नळीच्या आत राहू देऊ नका, तिथे कापड घासतं.

झाडाभोवती दोरी कधीच नाही. साल कापली जाते आणि दोरी घसरतेही. किमान २५ मिमी रुंदीची पॉलिस्टर पट्टी, प्रत्येकी ३ मीटर. पुण्याच्या रविवार पेठेत बॅगेच्या सामानाच्या दुकानांत पट्टी मीटरवर मिळते, पण तिथे पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिस्टर शेजारी-शेजारी असतात आणि दिसायला सारख्याच. ओळखायची खात्रीची रीत म्हणजे पाणी. बोटभर तुकडा साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात बुडवून दाबा, आतले बुडबुडे निघू द्या आणि सोडा. पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं, ते वर येऊन तरंगतं. पॉलिस्टर आणि नायलॉन तळाला जातात. वर आली ती पट्टी परत करा: ताणाखाली हळूहळू लांबत जाते आणि उन्हाने लवकर मोडते. बुडलेल्यांतली हाताने ओढून जास्त ताणली जाते ती नायलॉन. गाडीच्या सीटबेल्टची पट्टी पॉलिस्टरचीच असते आणि उत्तम चालते, फक्त जड.

पट्टीच्या एका टोकाला १० सेंमीचं नाकं शिवून घ्या. हे काम बॅग दुरुस्त करणाऱ्याच्या जड मशीनवर, चौकोन आणि आत फुली अशा टाक्यात. पट्टी झाडाभोवती फिरवून नाक्यातून ओढायची. हॅमॉकशी जोडायला हुक लागत नाही. पट्टीचं मोकळं टोक लूपमधून घ्या, लूपच्या दोन्ही पायांमागून फिरवा आणि स्वतःच्याच खाली दुमडून खुपसा. वजनाने ही गाठ आवळते आणि दुमडलेलं टोक ओढलं की एका झटक्यात सुटते. पहिल्या वेळी जमिनीपासून वीतभर उंचीवर बसून बघा. कॅराबिनर (उघडमीट होणारी धातूची कडी) वापरायचाच असेल तर किलोन्यूटनचा आकडा कोरलेला, गिर्यारोहणाचा घ्या. १ किलोन्यूटन म्हणजे सुमारे १०० किलो. किल्ल्यांच्या जुडग्याचे रंगीत कॅराबिनर या कामाचे नाहीत.

झाडाची निवड हा सुरक्षिततेचा अर्धा प्रश्न आहे. आंबा, जांभूळ, ऐन, हिरडा यांची मांडीएवढी जाड, जिवंत खोडं उत्तम. गुलमोहर पावसात कसा उन्मळतो ते पुणेकरांना सांगायला नको. त्याला टांगू नका आणि त्याच्या खालीही टांगू नका. शेवगा, पांगारा ठिसूळ. आंब्यावर लाल मुंग्यांची पानं चिकटवलेली घरटी आधी वर बघून शोधा. सड्यावर झाडंच नसतात, तिथे हे सामान नेण्यात अर्थ नाही. वनखात्याच्या हद्दीत आणि बऱ्याच गडांवर मुक्कामाला मनाई असते, तेव्हा आधी विचारून घ्या. गावकऱ्यांच्या परवानगीने आमराईत टांगणं सगळ्यात चांगलं.

पाऊस

ताम्हिणी-मुळशीच्या पावसात हॅमॉकपेक्षा वरचं छत महत्त्वाचं. छताने रिजलाइनच्या दोन्ही टोकांपुढे किमान ३० सेंमी जायला हवं. म्हणजे २७० ला ३ मीटर, ३३० ला ३.६ मीटर लांबी. ३ × ३ मीटरचं चौकोनी छत कर्णावर टांगलं तर सव्वाचार मीटर लांबी मिळते, पण टोकाशी रुंदीच उरत नाही आणि तिरका पाऊस पायावर येतो. पावसाळ्यात आयताकृतीच. निळी प्लॅस्टिक ताडपत्री पाणी रोखते, पण ३ × ३.६ मीटरला १२० जीएसएमची (चौरस मीटरला १२० ग्रॅम) ताडपत्री १.३ किलो भरते आणि वाऱ्यात रात्रभर फडफडते. कोटिंगवालं पॉलिस्टर कापड शिवून घेतलेलं बरं. मधल्या शिवणीतून ठिबकणारच. तिथे सीलंट (शिवण बुजवणारा चिकट लेप) लागतो. कापडावर पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंग असेल तर पीयूचाच सीलंट. खिडक्यांचं सिलिकॉन फक्त सिलिकॉन कोटिंगवर धरतं, पीयूवरून साल निघावी तसं निघून येतं.

पावसाळी वारा नैऋत्य-पश्चिमेचा, म्हणून छताची लांब बाजू तिकडे करा आणि ती बाजू जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत खाली ओढा. छत रिजलाइनच्या वर १५-२० सेंमीच असावं, उंच छताखाली शिंतोडे येतात. ओढदोऱ्यांत सायकलच्या जुन्या ट्यूबचे २ सेंमी रुंद काप अडकवा: कापड भिजून सैल झालं तरी ताण टिकतो आणि झोत आला तर नाकं फाटत नाही. ओल्या मातीत २० सेंमीपेक्षा आखूड खुंट्या निघून येतात. मुरुमात त्या वाकतात, तिथे दगडाला बांधा.

छत नीट असूनही हॅमॉक पायाशी ओला होतो, आणि लोक छताला दोष देतात. झाडाच्या खोडावरून ओघळणारं पाणी पट्टीवर येतं. पट्टी हॅमॉककडे उतरती, त्यामुळे पाणी तिच्या खालच्या काठाने सरकत लूपवर आणि लूपवरून कापडात. बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर थेंब एकामागे एक चालत येताना दिसतात. उपाय दहा सेंमी सुती सुतळीचा: छताच्या आत, लूपच्या अलीकडे पट्टीला घट्ट बांधा आणि दोन्ही टोकं खाली लोंबू द्या. सुतळी पाणी पिते आणि थेंब तिच्या टोकावरून खाली पडतो. नायलॉनची दोरी इथे चालत नाही, ती सुतळीइतकं पाणी शोषत नाही आणि जोराच्या धारेत थेंब तिला ओलांडून जातात. दर टोकाला दोन सुतळ्या, चार बोटं अंतरावर.

डास आणि थंडी

एकेरी नायलॉनमधून डास खालून चावतात, पाठीवर. वरून टाकलेली मच्छरदाणी म्हणूनच अपुरी. जाळीची दोन्ही टोकांना नाडीची, लांब नळी शिवून तिच्यात अख्खा हॅमॉक ओवा. घेर ३ मीटर ठेवला तर खालून अंगाला टेकत नाही. जाळी रिजलाइनवरच लटकते.

थंडी मात्र खालून येते, आणि ती पुण्याच्या माणसाला आधी पटत नाही. डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांच्या आसपास आला की चांगली स्लीपिंग बॅग असूनही पाठ गार पडते, कारण अंगाखाली दबलेल्या भरावात हवाच उरत नाही. ८-१० मिमीची फोमची चटई स्वस्त उपाय. ती घसरते, आणि चटईला घामाचं पाणी सुटतं. हॅमॉकखाली दुसरं कापड शिवून चटई त्या दोन थरांत सरकवली तर घसरणं थांबतं.

खरा उपाय म्हणजे बाहेरून टांगलेली रजई. १२० × ११० सेंमी, पॉलिफिलचे (पॉलिस्टर भरावाचे) १०० जीएसएमचे दोन थर, वर-खाली पातळ नायलॉन. चारही कडा शिवा, मधे फक्त पाच-सहा ठिकाणी टाचा. आरपार टाके घातले की प्रत्येक टाक्यापाशी थंडी शिरते. दोन्ही लांब कडांत ४ मिमी इलॅस्टिक ओवून हॅमॉकच्या लूपना अडकवा. आत झोपून कोणाला तरी खालून हात घालायला सांगा: मधे पोकळी लागली तर इलॅस्टिक आवळा, भराव दबलेला लागला तर सैल करा. दोन्ही चुकांचा परिणाम एकच, गार पाठ. घरातली गोधडी इथे नका टांगू. तिच्यावर जीव कितीही असला तरी सुती कापड दव ओढतं आणि पहाटे जड, ओलं होतं.

बाल्कनीत टांगायचं तर १० मिमीचे अँकर बोल्ट फक्त काँक्रीटच्या बीम किंवा कॉलममध्ये. विटेच्या किंवा हलक्या ब्लॉकच्या भिंतीत कधीच नाही. वरचा ताणाचा हिशेब तिथेही तोच.

आठ महिन्यांनंतर नायलॉन ठीक आहे, टोकाच्या तीन ओळींत एकही भोक वाढलेलं नाही. छताला मात्र एकदा ओलं गुंडाळून ठेवल्याचा आंबूस वास आला. पीयू कोटिंग दमटपणात चिकट होऊन सुटायला लागतं, तेव्हा पावसाळ्यात घरी आल्या-आल्या ते पंख्याखाली पसरा आणि कोरडं झाल्यावर सैल कापडी पिशवीत ठेवा. दर दोन महिन्यांनी पट्ट्या उजेडात धरून काठ बघा. काठावर पांढुरका केसाळपणा दिसला की ती पट्टी पुढे फक्त सामान बांधायला.