एएमई (विमान देखभाल इंजिनिअर) व्हायचंय: आधी संस्था की आधी हँगर?

नागपूरच्या मिहानमधल्या विमानदुरुस्तीच्या हँगरांकडे बघून इकडची बरीच पोरं हल्ली हा प्रश्न विचारतात. बारावीनंतर सरळ सीएआर-१४७ (एएमई प्रशिक्षण संस्थांचा नियम) मान्यतेच्या संस्थेत जायचं, की मेकॅनिकल डिप्लोमा करून एमआरओत (विमानदुरुस्तीच्या कंपनीत) टेक्निशियन म्हणून लागायचं आणि परवान्याच्या परीक्षेची मॉड्यूल्स स्वतःच सोडवायची? मी एक वर्ष पहिल्या वाटेवर होतो, मग दुसरी धरली.

कागदावर संस्था पुढे आहे, हे आधीच सांगतो. परवाना दोन्हीकडे डीजीसीएचाच (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा), मॉड्यूल्सही तीच आणि प्रत्येकात ७५ टक्के हवेत. पण बी१.१ चा (टर्बाइन इंजिनाच्या विमानांचा परवाना) २,४०० तासांचा मान्य कोर्स पूर्ण केला, तर देखभालीचा २ वर्षांचा अनुभव पुरतो. कुशल ट्रेडचं प्रशिक्षण ग्राह्य धरलं गेलं तर ३, काहीच नसेल तर ५. शिवाय गॅस टर्बाइन फळ्यावर चटकन कळतं. नाइट शिफ्ट करून आल्यावर खोलीत एकटं वाचायला बसलं, की तेच पान चारदा वाचावं लागतं.

मला संस्थेतून बाहेर काढलं ते सेफ्टी वायरनं.

बोल्ट सैल होऊ नये म्हणून पिळून बांधायची ही तार. प्रॅक्टिकलला आम्ही वीस-बावीस जण आणि वायरचे प्लायर दोन. समोर कधीच न उडणारं जुनं विमान. आपली पाळी येईस्तोवर तास संपलेला असायचा, जर्नलात सही मात्र सगळ्यांना. वर्षभरात माझ्या हातून पूर्ण वायर दोनदाच झाली. त्यातली दुसरी मी उलटी ओढली होती, म्हणजे बोल्ट सैल झाला असता तरी ती त्याला अडवणार नव्हती. त्यावरही सही झाली. ती चूक माझी मलाच घरी गेल्यावर कळली, आणि झोप गेली.

पुढे हँगरमध्ये लागलो, तर पहिल्याच महिन्यात सीनियरनं माझी वायर कापून कचऱ्यात टाकली. इंचाला ६ ते ८ पीळ हवेत. माझे कुठे चार, कुठे दहा, वर तारेला प्लायरचा चावा बसलेला. "पुन्हा कर रे," एवढंच बोलला. तिसऱ्या खेपेला जमली, तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते.

हँगर गोड आहे असं नाही. सुरुवातीचे कित्येक महिने पॅनल उघडणं, पुसणं, पुन्हा लावणं. लॉगबुकात सही मिळवायला सीनियरच्या मागे फिरावं लागतं, आणि नागपूरच्या मे महिन्यात बाहेर उन्हात राहिलेला पाना उचलून बघा बाप्पा! परवाना मिळाल्यावरही टाइप रेटिंग (त्या-त्या प्रकारच्या विमानाची परवान्यावरची नोंद) आणि कंपनीची मान्यता नसेल तर मोठ्या विमानावर सही करता येत नाही, पण ते दोन्ही वाटांना सारखंच.

परवाना लवकर हवा असेल आणि संस्थेची पोरं चालू हँगरमध्ये खरोखर जात असतील, तर संस्था घ्यायला माझी ना नाही. फक्त फीबद्दल विचारण्याआधी वर्कशॉपात डोकावून या आणि एका बॅचमागे प्लायर किती, ते मोजा.