मागची चाकं रुंद करायची, पण कशी? स्पेसर की अदलाबदल

छोटा ट्रॅक्टर आपण अरुंद आहे म्हणून घेतो आणि दोन वर्षांनी अरुंद आहे म्हणून कुरकुरतो. माझंही तेच झालं. दिंडोरीकडे 9 फुटी ओळीच्या द्राक्षबागेत तो ब्लोअर (फवारणीचं यंत्र) घेऊन झकास चालायचा. मग शेजारचं उताराचं वावर सोयाबीनसाठी वाट्याने घेतलं आणि आडवं चालवताना वरच्या अंगाचं चाक हलकं लागायला लागलं. पुतण्या तर एकदा चालत्या ट्रॅक्टरवरून उडी मारून उतरला. रुंदी वाढवायची हे त्या दिवशी ठरलं.

वाटा दोन. हब (ॲक्सलच्या टोकाचा, चाक जिथे आवळतात तो भाग) आणि डिस्क (चाकाची मधली तबकडी) यांच्या मध्ये स्पेसर, म्हणजे जाड चकती, बसवायचा, नाहीतर डावं चाक उजवीकडे आणि उजवं डावीकडे लावून डिस्कचा खोलगटपणा उलटा करायचा, म्हणजे टायर बाहेर सरकतो. दोन्ही मी घरीच, शेडमध्ये केलंय. स्पेसरवर दीडेक वर्ष काढलं, अदलाबदलीवर दुसरा हंगाम चालू आहे. रिम आणि डिस्क वेगळी असलेल्या मोठ्या ट्रॅक्टरवाल्यांनी यात पडू नये, त्यांना बोल्ट हलवून रुंदीच्या बऱ्याच पायऱ्या मिळतात. माझी चाकं एकसंध आहेत.

आधी मापं सांगतो, कारण खरी ओढाताण तिथेच आहे. मूळ बाहेर-बाहेर रुंदी 44 इंच. प्रत्येकी 2 इंची स्पेसरने ती 48 झाली, अदलाबदलीने 50. माझा रोटाव्हेटर 4 फुटी, म्हणजे 48 इंची. स्पेसर असताना चाकांचा माग तो बरोबर पुसायचा. आता दोन्हीकडे इंच-इंच माग उरतो. काळ्या जमिनीत ओल असली की ती दाबलेली पट्टी उठून दिसते. बागेत बोद, म्हणजे वेलींच्या ओळीचा उंच वाफा, 4 फुटी धरला तर 9 फुटांतून 5 फूट गल्ली उरते, त्यात 50 इंच बसतात, पण जिथे बोद पसरलाय तिथे चाक ठिबकच्या नळीला चाटून जातं. जुन्या 8 फुटी बागेवाल्यांनी अदलाबदलीचा विचारही करू नये. हवं तेवढंच रुंद करणं ही स्पेसरची खरी ताकद. अदलाबदलीत डिस्क जेवढं देईल तेवढं घ्यायचं, घासाघीस नाही.

इथपर्यंत स्पेसरच पुढे आहे, हे मी मान्य करतो.

आता बेअरिंगचं. "स्पेसरने बेअरिंग जातं" हे चहाच्या टपरीवर तुम्हीही ऐकलं असेल. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. टायरचा मध्य जितका बाहेर जाईल तितका ॲक्सल आणि बेअरिंगवरचा ताण वाढतो, मग तो स्पेसरने जावो की उलट्या डिस्कने. या मुद्द्यावर दोघांत निवड करू नका. दोन्हीत चाक मडगार्डच्या बाहेर येतं आणि चिखल अंगावर उडतो, तेही सारखंच.

मग माझं कुठे बिनसलं?

माझे स्पेसर दोन फेऱ्यांच्या नटांचे होते. आधी स्पेसर हबला आवळायचा, मग स्पेसरच्या स्टडवर (बाहेर आलेल्या आट्याच्या खुंट्यांवर) चाक. आतले नट डिस्कच्या मागे झाकले जातात. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारणीची धांदल चालू असताना वळणावर मागून कट-कट आवाज यायला लागला. बाहेरचे नट तपासले, सगळे घट्ट. दोन दिवस मी ब्लोअरच्या जोडणीला दोष देत राहिलो. तिसऱ्या रात्री बल्ब लावून चाक काढलं, तर आतले दोन नट हाताने फिरत होते आणि स्पेसरची दोन भोकं लांबट झाली होती.

यात स्पेसरपेक्षा माझी चूक जास्त. गंज लागू नये म्हणून मी स्पेसरला दोन्ही तोंडांवर रेड ऑक्साइडचा जाड हात मारला होता. हबला टेकणाऱ्या तोंडावर रंग असला की तो दाबाखाली चिरडतो, नट जागेवर असूनही पकड सैल पडते आणि उरलेलं काम हादरे करतात. नवे स्पेसर केले, तोंडं कोरडी आणि उघडी ठेवली, आत हबच्या खांद्यावर नेमकी बसणारी कड काढून घेतली, डोक्यावर 10.9 कोरलेले, म्हणजे जास्त ताकदीचे, बोल्ट घातले. त्यानंतर आवाज आला नाही.

पण शंका गेली नाही. बाहेरच्या नटांवर मी पांढरी रेघ मारून ठेवतो, नटापासून डिस्कपर्यंत. सकाळी डिझेल टाकताना रेघ तुटलेली दिसली की पाना घ्यायचा, एवढं सोपं. आतल्या नटांना रेघ मारून काय उपयोग? ती बघायला जॅक आणि ठोकळे लावून, वजनासाठी पाणी भरलेलं चाक उतरवायचं, तेही दोन्ही बाजूंना. पहिल्या तासानंतर एकदा, दहाएक तासांनी पुन्हा, पुढे महिन्याला एकदा, असा माझा नेम होता. दुसऱ्याच महिन्यात तो मोडला. तुमचा टिकेल कदाचित. नुसत्या चकतीचे, लांब स्टडवर बसणारे स्पेसर घेतले तर आतले नटच नसतात, हे खरं. पण मग सगळा भार लांबच्या लांब स्टडवर येतो आणि ते मला माझ्या उतारावर नको होतं.

अदलाबदलीत नटांची फेरी एकच आणि ती डोळ्यांसमोर. माझ्यापुरता तराजू तिथेच कलला.

तिचे त्रासही आहेत. हवा भरायचा वॉल (व्हॉल्व्ह) आतल्या बाजूला जातो. मागच्या टायरमध्ये पाणी भरलेलं असेल, माझ्या 8.3-20 मध्ये 40-45 लिटर बसतं, तर हवा बघताना वॉल वर आणून मडगार्डखाली हात घालावा लागतो. मी त्यासाठी वीतभर लांबीची नळी ठेवलीय. दुसरं, स्पेसर एका वेळी एका बाजूचा बसतो, इथे दोन्ही चाकं एकदम काढावी लागतात. ट्रॅक्टर मागून पूर्ण अधांतरी. नुसत्या जॅकवर हे करू नका. ॲक्सलखाली दोन्हीकडे पक्के ठोकळे आणि पुढच्या चाकांना मागून-पुढून दगड हवेत, कारण मागचं चाक उचललं की गियरचा भरवसा नसतो. हात गुंतलेल्या हंगामात हे काम काढूच नका.

चाक नेताना ते वळवायचं नाही, जसं आहे तसं सरळ पलीकडे न्यायचं. म्हणजे डिस्क उलटी होते आणि नक्षीची दिशा बरोबर राहते. त्याच बाजूला फिरवून लावलंत तर नक्षी उलटी पडते आणि चिखलात चाक जागच्या जागी फिरतं. आमच्या गावात एकाने पूर्ण पावसाळा असा काढला आणि टायरला शिव्या घातल्या.

त्याआधी दोन गोष्टी बघा. तुमची चाकं आधीच रुंद बाजूने लावलेली असतील तर अदलाबदलीने ट्रॅक्टर उलट अरुंद होईल. टायरचा मध्य हबच्या तोंडाच्या आत आहे की बाहेर हे पट्टी लावून कळतं. आणि डिस्कच्या भोकांना दोन्ही अंगांनी उतार आहे का ते पाहा. निमुळत्या तोंडाचे नट असतील आणि मागच्या अंगाला उतारच नसेल, तर नट नीट बसणार नाहीत. मग गुपचूप स्पेसरकडे वळा.

ट्रॅक्टर फोर-व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना ताकद देणारा) आहे म्हणून बिचकू नका, रुंदीने पुढच्या-मागच्या चाकांच्या फेऱ्यांचं गणित बदलत नाही. फक्त मागचं चाक पुढच्याच्या मागावर चालत नाही. सोयाबीनच्या ओळींत त्याने एक माग वाढतो. मी आता पेरताना ओळी त्या हिशोबाने धरतो.

दुसरे स्पेसर अजून शेडमध्ये आहेत. 8 फुटी बागेचा एक शेजारी परवा बघून गेला, हातात घेऊन वजनाचा अंदाज घेत होता. त्याच्या ट्रॅक्टरची भोकं जुळली तर देऊन टाकेन. त्याच्या गल्लीत ते शोभतीलही. फक्त त्याच्याकडे रंगाचा डबा उघडा दिसत होता.