कोचीत कुठं राहायचं, वॉटर मेट्रो कशी आहे, आणि चेरलाई का चुकवू नये

दिवाळीनंतर आम्ही घरचे चौघं, आई धरून, कोचीला जाऊन आलो. बेळगावात आल्यापासून शेजारपाजारचे, ऑफिसातले सगळे एकच विचारतायत, कुठं राहिलात, काय बघितलंत, म्हणून सगळं लिहूनच टाकतोय.

आपल्याकडनं डायरेक्ट गाडी म्हणजे पूर्णा एक्स्प्रेस, पुण्याहून एर्नाकुलमला, म्हणजे कोचीच्या मुख्य शहरभागाला जाणारी, आठवड्यातनं एकदाच आहे, तेव्हा तिकीट कन्फर्म झाल्यावरच सुट्टी टाका. लोंढा, कॅसलरॉक करत दूधसागर खिडकीतनं बघितला आणि आई तिथंच खूश झाली.

पहिली रात्र एर्नाकुलममध्ये स्टेशनजवळच्या एका लॉजवर काढली, स्वस्त मिळालं म्हणून. रूम कोंदट, गादी ओलसर, रात्रभर ट्रॅफिकचा आवाज. बंदर बघायला जायचं तर पाण्यापलीकडच्या जुन्या फोर्ट कोचीतच राहावं, हे आता मी ठामपणे सांगतो. दुसऱ्या दिवशी तिथल्या एका जुन्या घरातल्या होमस्टेला गेलो आणि तीन रात्री तिथंच राहिलो. घरच्या बाईंना सगळे चेची म्हणतात, म्हणजे ताई. आम्ही नेलेला कुंदा त्यांना इतका आवडला की दुसऱ्या दिवशी आईला किचनमध्ये बोलावून तो कसा आटवतात ते विचारत बसल्या. सकाळी पुट्टु, म्हणजे तांदळाच्या पिठाचा वाफवलेला प्रकार, आणि काळ्या चण्यांची कडला करी, नाहीतर अप्पम आणि स्ट्यू. जेवणात मात्र जाड लालसर भात आणि खोबरेल तेल असतं, आईला दोन दिवस ते गेलं नाही, घरच्या म्हाताऱ्या माणसांसाठी शेंगाचटणी आणि भाकरी सोबत ठेवा.

आता वॉटर मेट्रो. २०२३ च्या एप्रिलमध्ये सुरू झालेली ही बॅटरीवरची एसी बोट, आणि मला पूर्ण ट्रिपमध्ये सगळ्यात आवडलेली सर्व्हिस हीच. एर्नाकुलमच्या हायकोर्ट धक्क्यापासनं फोर्ट कोची ४० रुपये. आईचे गुडघे दुखतात, साध्या बोटीत चढायचं म्हटलं की ती घाबरते, पण इथला धक्काच पाण्यावर तरंगणारा आहे, भरती असो ओहोटी असो धक्का आणि बोट एकाच लेव्हलला राहतात, ती घरातनं अंगणात आल्यासारखी आत गेली. जाताना डावीकडं विलिंग्डन बेट दिसतं, बंदर खोल करताना उपसलेल्या गाळातनं माणसांनी तयार केलेलं, आणि दुसऱ्या बाजूला वल्लारपाडमच्या कंटेनरच्या भल्यामोठ्या क्रेन. पोराला सरकारची जुनी बोट जास्त आवडली, ती दहा रुपयांच्या आत नेते आणि वारा तोंडावर येतो. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी परतीला लांब रांग लागते तेवढं लक्षात ठेवा.

फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावरची मासे पकडायची चिनी जाळी पहाटे बघा. चार-पाच माणसं दोर ओढतात, दगडांचं वजन बांधलेलं असतं, आख्खं जाळं पाण्यातनं वर येतं. तुम्हालाही ओढायला बोलावतात आणि मग पैसे मागतात, किती ते आधीच बोलून घ्या. जवळच सेंट फ्रान्सिस चर्च, वास्को द गामा १५२४ ला कोचीतच वारला आणि आधी इथंच पुरला होता, नंतर पोर्तुगालला नेला. मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद, आत भिंतीवर रामायण रंगवलंय ते निवांत बघा. १५६८ चं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, शुक्रवारी दुपारनंतर आणि शनिवारी बंद. म्हणजे शुक्रवार-शनिवार धरून प्लॅन केला की निम्मं राहून जातं.

रिक्षावाला पन्नास रुपयांत सगळं फिरवतो म्हणाला तर बसू नका. आम्हाला एकानं तीन दुकानांत नेलं, त्याला तिथं कमिशन असतं, आईला नको असताना उन्हात उतरावं लागलं. मला फार वाईट वाटलं.

आणि चेरलाई. मट्टनचेरीतच हा भाग आहे, तिरुमला देवस्थानाच्या आजूबाजूला, आणि इथं कोंकणी ऐकू येते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जाचानं गोव्यातनं निघालेल्या सारस्वतांची ही वस्ती. मलबारच्या झाडपाल्यावर डचांनी ॲमस्टरडॅमला जो मोठा ग्रंथ छापला, त्याच्या १६७८ च्या पहिल्या भागात रंग भट, विनायक पंडित आणि आप्पू भट या कोचीच्या तीन वैद्यांचं प्रमाणपत्र आहे, कोंकणीत आणि नागरी लिपीत. आपली अक्षरं तेव्हा तिकडं छापली गेली, हे तिथल्या गल्लीत उभं राहून आठवलं आणि अंगावर काटा आला. देवळाबाहेर आईनं एका आजींकडं पाणी मागितलं, त्यांनी "उदक" म्हणत आत घरात बोलावलं, मग दोघी अर्धा तास बोलत होत्या, एक मराठीत आणि एक कोंकणीत. गोवा तुमच्यापासनं किती लांब, असं आजींनी विचारलं, त्या कधीच गेलेल्या नाहीत. आई म्हणाली, चोर्ला घाट उतरला की गोवाच की ओ, या आमच्याकडं, आम्ही नेतो.